नौदलातील सेवा आणि पदके : कोकणातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माळा साफ करताना काळी पत्र्याची ट्रंक निघते, तिच्या झाकणावर पांढऱ्या रंगात नाव, हुद्दा आणि क्रमांक लिहिलेला असतो, आणि आत जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत पाच-सात पदके असतात. ज्यांची ती पदके, ते आजोबा किंवा काका आता नसतात, आणि असताना त्यांना कोणी फारसे विचारलेले नसते. माझे काका नौदलात अधिकारी होते. त्यांच्या पश्चात त्यांची पदके लावून घेण्याचे काम माझ्याकडे आले, त्यात मी शिकलो, आणि तेव्हापासून हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंतचे ओळखीचे लोक आपापल्या घरची पदके घेऊन विचारायला येतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे उत्तरांसह दिले आहेत.

पदके सापडली. सर्वांत आधी काय करावे?

काहीही करू नये. पदके पट्टीवर ओळीने लावलेली असतील तर ती सुटी करू नयेत, कारण त्यांचा क्रम हीच एक माहिती आहे. पुसू नयेत, घासू नयेत, फिती बदलू नयेत. पुढून, मागून आणि कडेवरून प्रत्येकाचे छायाचित्र घ्यावे.

कडेचे छायाचित्र बहुतेकजण विसरतात, आणि खरी माहिती तर तेथेच असते. भारतीय पदकांच्या कडेवर सहसा सेवा क्रमांक, हुद्दा आणि नाव ठशाने उमटवलेले असते. अक्षरे बारीक असतात आणि समोरून पाहिले तर दिसत नाहीत. खिडकीपाशी उभे राहून पदक तिरपे धरावे, उजेड बाजूने पडू द्यावा, आणि भिंगातून वाचावे. काकांच्या १९६५ च्या पदकावर हुद्दा ‘सब लेफ्टनंट’ आहे आणि १९७१ च्या पदकावर ‘लेफ्टनंट’. दोन पदकांच्या कडा वाचून मधल्या सहा वर्षांतली बढती कळली, ती घरात कोणालाच ठाऊक नव्हती.

पट्टीवर पदकांचा क्रम कसा ठरतो? वडिलांनी आपल्या आवडीने लावली असतील का?

नाही. क्रम सरकारने ठरवून दिलेला असतो आणि तो पाहणाऱ्याच्या डावीकडून, म्हणजे धारण करणाऱ्याच्या छातीच्या मध्याकडून सुरू होतो. सर्वांत वरिष्ठ पदक तेथे असते. आधी शौर्याची आणि विशिष्ट सेवेची पदके, मग युद्धकाळातली पदके, मग कठीण प्रदेशातल्या किंवा परदेशातल्या सेवेची, त्यानंतर स्वातंत्र्याच्या वर्धापनवर्षांची, आणि शेवटी दीर्घ सेवेची, असा ढोबळ प्रवाह आहे.

या क्रमात काही गोष्टी आपल्या अपेक्षेपेक्षा वेगळ्या निघतात. अति विशिष्ट सेवा पदक हे वीर चक्राच्या आधी येते. लढाईत मिळवलेले चक्र मागे आणि सेवेचे पदक पुढे कसे, असा प्रश्न मला निदान दहा जणांनी विचारला असेल, आणि मलाही तो पटायला वेळ लागला. त्याचे उत्तर इतकेच की क्रम धोक्याच्या मापाने लावलेला नाही, सन्मानाच्या श्रेणीने लावलेला आहे. त्याच न्यायाने नौसेना पदक विशिष्ट सेवा पदकाच्या आधी येते.

एक पट्टी प्रत्यक्ष वाचून दाखवता येईल का?

काकांचीच घेऊ. त्यांच्या पट्टीवर सात पदके आहेत : पश्चिमी स्टार, रक्षा मेडल, संग्राम मेडल, ‘अंदमान व निकोबार’ अशी धातूची आडवी पट्टी असलेले सैन्य सेवा मेडल, स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्धापनदिनाचे पदक, वीस वर्षांच्या दीर्घ सेवेचे पदक आणि नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेचे पदक. यात शौर्याचे एकही नाही, आणि ते कळल्यावर माझ्या चुलतभावाचा चेहरा उतरला होता.

आता ही पट्टी सावकाश वाचा. रक्षा मेडल १९६५ च्या संघर्षाशी संबंधित आहे आणि ते मिळण्यासाठी ५ ऑगस्ट १९६५ रोजी किमान १८० दिवसांची सेवा झालेली असावी लागे. म्हणजे त्या वर्षाच्या फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ते नौदलात दाखल झालेले होते. समर सेवा स्टार नाही, म्हणजे १९६५ मध्ये ते प्रत्यक्ष कारवाईच्या क्षेत्रात नव्हते. संग्राम मेडल ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ या काळात सेवेत असलेल्यांना देण्यात आले, त्यामुळे एकट्या त्या पदकावरून फार काही सांगता येत नाही. पण जोडीला पश्चिमी स्टार आहे, म्हणजे युद्धात ते पश्चिम आघाडीवर, अरबी समुद्राच्या बाजूला होते. तेच जर ‘विक्रांत’वर असते तर पूर्वी स्टार दिसला असता, कारण ही विमानवाहू नौका तेव्हा बंगालच्या उपसागरात होती आणि तिच्यावरच्या विमानांनी ४ डिसेंबरपासून कॉक्स बझार आणि चितगाव येथे हल्ले केले. २५ व्या वर्धापनदिनाचे पदक १५ ऑगस्ट १९७२ रोजी सेवेत असल्याची खूण आहे. ५० व्या वर्धापनदिनाचे पदक नाही, म्हणून १५ ऑगस्ट १९९७ पूर्वी निवृत्ती. तीस वर्षांच्या सेवेचेही नाही, म्हणून एकूण सेवा वीस आणि तीस वर्षांच्या मधली. अंदमानातल्या नेमणुकीबद्दल आम्हाला एवढेच माहीत होते की काकू त्या काळात दोन वर्षे माहेरी, दाभोळला राहिल्या होत्या.

शौर्य नसलेल्या पट्टीने इतके सांगितले. कोणते पदक नाही हे पाहणे कोणते आहे हे पाहण्याइतकेच उपयोगी पडते.

शौर्याची पदके कोणती?

दोन रांगा आहेत. शत्रूसमोर दाखवलेल्या शौर्यासाठी परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र. यांची स्थापना २६ जानेवारी १९५० रोजी झाली आणि ती १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरण्यात आली. शत्रू समोर नसताना दाखवलेल्या शौर्यासाठी अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र. ही रांग १९५२ साली अशोक चक्राच्या तीन वर्गांच्या रूपात सुरू झाली आणि आजची नावे १९६७ पासून आहेत, त्यामुळे जुन्या कागदावर ‘अशोक चक्र, वर्ग तीन’ असे दिसले तर ते आजचे शौर्य चक्र समजावे. फितीवरूनही ओळख पटते : परमवीर चक्राची फीत संपूर्ण जांभळी, महावीर चक्राची अर्धी पांढरी आणि अर्धी केशरी, वीर चक्राची अर्धी गडद निळी आणि अर्धी केशरी.

नौदलातील कोणालाही आजवर परमवीर चक्र मिळालेले नाही. ‘आमच्या पणजोबांना परमवीर होते’ असे सांगणारे लोक खोटे बोलत नसतात. पदकाच्या नावातला ‘परम’ हा शब्द बहुधा परम विशिष्ट सेवा पदकातून आलेला असतो.

१९७१ च्या युद्धात नौदलाला मिळालेल्या महावीर चक्रांपैकी तीन नावे प्रत्येकाने लक्षात ठेवावीत अशी आहेत. कराचीवरील ४ डिसेंबरच्या रात्रीच्या क्षेपणास्त्र हल्ल्याचे नेतृत्व करणारे कमांडर बब्रू भान यादव, दीवजवळ ९ डिसेंबरला पाणबुडीच्या हल्ल्यात बुडालेल्या ‘खुकरी’बरोबर गेलेले कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला, ज्यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांना जलसमाधी मिळाली, आणि लीडिंग सीमन चिमण सिंग, जे अधिकारी नव्हते. ४ डिसेंबर हा नौदल दिन त्या कराचीच्या रात्रीचाच आहे.

शांततेच्या काळातले उदाहरण मराठी वाचकाला जवळचे वाटेल. महाराष्ट्रात, फलटणजवळच्या विंचुर्णीला राहिलेले व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांना १९७१ मध्ये ‘कामोर्टा’ या नौकेवरील कामगिरीसाठी वीर चक्र मिळाले होते. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या नौदलाच्या मोहिमेचा ध्यास निवृत्तीनंतर त्यांनी घेतला. ‘म्हादेई’ या नौकेतून दिलीप दोंदे यांनी ती २००९-१० मध्ये पूर्ण केली आणि त्यांना शौर्य चक्र मिळाले. अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता पूर्ण केली आणि त्यांना कीर्ती चक्र मिळाले. समोर शत्रू नव्हता, समुद्र होता.

नौसेना पदक आणि विशिष्ट सेवा पदक यांत फरक काय?

विशिष्ट सेवेची तीन पदके १९६० साली सुरू झाली. तिन्हींची फीत सोनेरी पिवळी असून तिच्यावर गडद निळ्या उभ्या रेघा असतात : परम विशिष्टला एक, अति विशिष्टला दोन, विशिष्टला तीन. रेघ जितकी कमी तितके पदक वरचे, हे उलटे वाटते, म्हणून फोटोवरून ओळखताना चूक होते. नावापुढे अनुक्रमे पीव्हीएसएम, एव्हीएसएम आणि व्हीएसएम अशी अक्षरे लावतात.

नौसेना पदकही १९६० चेच. त्याची फीत नौदलाच्या निळ्या रंगाची आणि मधोमध पांढरी रेघ असलेली असते. ते शौर्यासाठीही मिळते आणि कर्तव्यनिष्ठेसाठीही. म्हणून नुसते ‘एनएम’ वाचून शौर्य गृहीत धरू नये, प्रशस्तिपत्राचा मजकूर पाहावा. युद्धप्रसंगीच्या उत्तम सेवेसाठी सर्वोत्तम युद्ध सेवा, उत्तम युद्ध सेवा आणि युद्ध सेवा ही वेगळी पदके १९८० पासून आहेत.

आजोबा ‘कॅप्टन’ होते. भूदलातल्या कॅप्टनएवढेच ना?

नाही, आणि हा घोटाळा कोकणात सर्वांत जास्त आहे, कारण आपल्याकडे तीन प्रकारचे कॅप्टन सापडतात. नौदलातला कॅप्टन हा हुद्द्याने भूदलातल्या कर्नलच्या बरोबरीचा असतो. भूदलातल्या कॅप्टनच्या बरोबरीला नौदलात लेफ्टनंट येतो. दुसरे असे की कोणत्याही युद्धनौकेच्या प्रमुखाला नौकेवर ‘कॅप्टन’ म्हणतात, मग त्याचा हुद्दा लेफ्टनंट कमांडर असो की कमांडर. तिसरा कॅप्टन व्यापारी जहाजाचा, ज्याचा नौदलाशी संबंधच नाही.

हुद्द्यांची चढण सब लेफ्टनंट, लेफ्टनंट, लेफ्टनंट कमांडर, कमांडर, कॅप्टन, कमोडोर, रिअर ॲडमिरल, व्हाइस ॲडमिरल, ॲडमिरल अशी आहे. जुन्या फोटोत बाहीवरच्या किंवा खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्या मोजाव्यात. सर्वांत वरच्या पट्टीला वळसा असतो. एक पट्टी सब लेफ्टनंटची, दोन लेफ्टनंटच्या, दोन जाड पट्ट्यांमध्ये एक बारीक असेल तर लेफ्टनंट कमांडर, तीन कमांडरच्या, चार कॅप्टनच्या. टोपीच्या बिल्ल्यावर ब्रिटिश मुकुट असेल तर फोटो २६ जानेवारी १९५० पूर्वीचा. ॲडमिरलांच्या खांद्यावरची चिन्हे मात्र आता बदलली आहेत : सिंधुदुर्गावर साजऱ्या झालेल्या २०२३ च्या नौदल दिनी त्याची घोषणा झाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस शिवरायांच्या राजमुद्रेच्या अष्टकोनाचा आधार घेतलेली नवी चिन्हे आली.

नौदलाच्या सर्वोच्च पदी मराठी माणसे पोहोचली का, हेही लोक याच ओघात विचारतात. भास्कर सोमण १९६२ ते १९६६ या काळात नौदलप्रमुख होते.

कागदावर ‘आयएनएस शिवाजी’ लिहिले आहे. ही नौका कोणत्या युद्धात होती?

ती नौका लोणावळ्याला आहे, आणि तेथून समुद्र दिसत नाही. नौदल आपल्या जमिनीवरच्या तळांनाही ‘आयएनएस’ लावते. ‘शिवाजी’ येथे सागरी अभियांत्रिकीचे प्रशिक्षण होते. मालाडच्या मार्वे येथील ‘हमला’ येथे पुरवठा विभागाचे. ओडिशातील ‘चिल्का’ येथे नव्या नौसैनिकांचे. मुंबईतली ‘आंग्रे’ हा कान्होजींच्या नावाचा तळ आहे. गोव्यात दाबोळीची ‘हंसा’ म्हणजे विमानतळ. तेव्हा ‘शिवाजी’वर तीन वर्षे असलेला माणूस बहुधा अभियांत्रिकी शाखेतला असतो. याने कोणाची मान खाली जाण्याचे कारण नाही. इंजिन चालल्याशिवाय नौका बंदराबाहेर पडत नाही.

वडील ‘पेटी ऑफिसर’ होते. म्हणजे अधिकारीच ना?

नावात ‘ऑफिसर’ असले तरी पेटी ऑफिसर, चीफ पेटी ऑफिसर आणि मास्टर चीफ पेटी ऑफिसर हे नौसैनिकांतले वरिष्ठ हुद्दे आहेत. कमिशन मिळालेले अधिकारी सब लेफ्टनंटपासून सुरू होतात. काही नौसैनिक सेवेतूनच पुढे कमिशन मिळवतात, आणि तसे असेल तर कडेवरचा क्रमांक आणि हुद्दा दोन्ही बदललेले दिसतात. शौर्यपदके मात्र सर्वांना तीच आहेत. दीर्घ सेवा व सद्वर्तनाचे वेगळे पदक पट्टीवर असेल तर तो माणूस नौसैनिक म्हणून दीर्घकाळ राहिला होता, असे समजावे.

आजोबा दुसऱ्या महायुद्धात होते. ताऱ्यासारखी पदके आहेत.

ती ब्रिटिश काळातली मोहिमेची पदके आहेत. रॉयल इंडियन मरीनचे रूपांतर १९३४ साली रॉयल इंडियन नेव्हीत झाले, आणि या दोन्ही दलांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोकणी मुसलमान घराण्यांतली माणसे पिढ्यानपिढ्या होती. ‘१९३९-४५ स्टार’ची फीत गडद निळी, लाल आणि फिकट निळी, म्हणजे आरमार, भूदल आणि हवाईदल. ‘बर्मा स्टार’ असेल तर ब्रह्मदेशाच्या मोहिमेचा भाग असलेल्या बंगालच्या उपसागरातली सेवा संभवते. गोल ‘वॉर मेडल’ २८ दिवसांच्या सेवेवरही मिळे, म्हणून ते सर्वत्र आढळते. पण त्याच्या फितीवर ब्राँझचे पान लावलेले असेल तर थांबून पाहावे, कारण ते पान म्हणजे लढाईच्या अहवालात झालेला नामोल्लेख आहे.

हीच पदके व्यापारी जहाजांवरच्या खलाशांनाही मिळाली. तेव्हा घरी तारा आहे म्हणून आजोबा नौदलात होते असे लगेच ठरवू नये. सीडीसीचे पुस्तक, म्हणजे खलाशाच्या जहाजांवरच्या नोकरीची नोंदवही, सापडले तर आजोबा व्यापारी जहाजावरचे.

आजोबांना १९४६ साली नोकरीतून काढले होते. ही गोष्ट घरात लपवली जाते.

लपवण्यासारखे त्यात काही नाही. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या तळावर नौसैनिकांनी संप पुकारला आणि तो इतर बंदरांत पसरला. त्यानंतर अनेकांना बडतर्फ करून घरी पाठवले गेले. गावी परतल्यावर ‘सरकारी नोकरी घालवून आला’ हे त्यांना ऐकावे लागले, आणि मुलाबाळांनी ती गोष्ट बोलायची नाही असे ठरून गेले. स्वतंत्र भारतात या उठावाला स्वातंत्र्यलढ्याचा भाग म्हणून मान्यता मिळाली. अशा घरात पदके नसतात, कागदही कमीच असतात. पण बडतर्फीचा एखादा दाखला असेल तर तो मढवून ठेवावा.

तटरक्षक दल आणि नौदल एकच का?

नाही. तटरक्षक दल १९७८ च्या कायद्याने उभे राहिलेले स्वतंत्र दल आहे. त्याची स्वतःची पदके आहेत, त्यांत तटरक्षक पदक प्रमुख.

छातीवर दोन माशांचा बिल्ला आहे. हे कोणते पदक?

पदक नव्हे, पाणबुडीवर काम करण्याची पात्रता मिळाल्याचा बिल्ला. ते मासे डॉल्फिन आहेत. वैमानिकांचे पंखही तसेच. नौदलप्रमुखांचे प्रशस्तिपत्र हाही सन्मान आहे, पण पदकांच्या पट्टीवर तो येत नाही.

सेवेची अधिकृत नोंद कोठे मिळते?

नौसैनिकांच्या नोंदी मुंबईत मानखुर्द येथील कमोडोर, ब्यूरो ऑफ सेलर्स यांच्याकडे असतात, तर अधिकाऱ्यांसाठी नवी दिल्लीतील नौदल मुख्यालयाकडे अर्ज करावा लागतो. त्याआधी आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जावे; अर्ज कसा लिहायचा, नात्याचा कोणता पुरावा जोडायचा, हे तेथे समजते. बरोबर सेवा क्रमांक हवाच. तो कडेवर मिळाला नाही तर निवृत्तिवेतनाच्या आदेशावर, म्हणजे पीपीओवर, असतो. आमच्या बाबतीत एका कार्यालयाने क्रमांकाच्या शेवटचे अक्षर चुकीचे उतरवून घेतले आणि आठ महिने ‘अशी नोंद नाही’ असेच उत्तर येत राहिले, म्हणून अर्जाची प्रत स्वतः तपासून घ्यावी. शौर्यपदके आणि विशिष्ट सेवा पदके भारताच्या राजपत्रात जाहीर होतात, त्यामुळे पदक आणि साल माहीत असेल तर तेथूनही शोध घेता येतो.

कोकणातल्या हवेत पदके कशी जपावीत?

चिंच, लिंबू, राख, रांगोळी यांपैकी काहीही लावू नये. समईला जे चालते ते पदकाला चालत नाही. एका घरात आजीने दर दिवाळीला चिंचेने घासून कडेवरचे नाव जवळजवळ नाहीसे केले होते, आणि तेही मोठ्या प्रेमाने. मऊ कोरडा सुती कपडा पुरेसा आहे. खारी दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे आधी फितीला बुरशी येते, मग धातू काळवंडतो. पदके पातळ सुती कापडात वेगवेगळी गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावीत आणि पुड्या पावसाळ्याच्या तोंडावर बदलाव्यात. डांबरगोळ्या नकोत. पीव्हीसी प्लॅस्टिकचे पाकीटही नको, त्यातून निघणारे आम्ल धातूला खाते. (परमवीर चक्राची अक्षरेही पीव्हीसीच, पण हा पीव्हीसी वेगळा.) फीत फाटली तर ३२ मिलिमीटर रुंदीची नवी फीत मिळते, जुनी फेकू नये.

वडिलांची पदके मी लावू शकतो का?

स्मृतिदिन, हुतात्म्यांना मानवंदना अशा प्रसंगी कुटुंबीय ती छातीच्या उजव्या बाजूला लावतात. डावी बाजू ज्याने मिळवली त्याची. लग्नाच्या वरातीत लावू नयेत. विचारणारे भेटले आहेत, म्हणून लिहितो.

गावच्या फलकावर नाव कसे कोरावे?

आधी हुद्दा, मग नाव, मग पदकांची अक्षरे वरिष्ठतेच्या क्रमाने, आणि शेवटी कंसात ‘निवृत्त’. अक्षरे फक्त शौर्याच्या आणि विशिष्ट सेवेच्या पदकांची लावतात. संग्राम मेडल किंवा दीर्घ सेवेची पदके नावापुढे येत नाहीत. काकांच्या नावापुढे म्हणून एकही अक्षर नाही. आमच्या शाळेच्या फलकासाठी गावकऱ्यांनी हौसेने ‘व्हीएसएम’ लिहून पाठवले होते, ते दगड कोरायला बसण्याच्या आदल्या दिवशी मी खोडून आणले. आता तेथे ‘कमांडर’, त्यांचे नाव आणि ‘भारतीय नौदल (निवृत्त)’ एवढेच आहे, आणि खाली ‘१९७१, पश्चिम आघाडी’.